चाळणीवर उरलेल्या दगडांचाही हिशेब मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कोरड्या हवामानातल्या चराऊ उतारांवरचा लेख वाचला. लेखकाची कळकळ खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘दगडगोट्यांची निरुपयोगी जमीन’ हे पालुपद काही केल्या सुटत नाही आणि शेवटी उपाय सुचवले आहेत ते असे : दगड वेचून काढा, यंत्राने खोल नांगरा, खड्डे घ्या, झाडे लावा. मी मृद सर्वेक्षणात नोकरी काढलेली बाई आहे. असल्या उतारांवर खड्डे खणायचे, आत उतरायचे आणि मातीच्या भिंतीसमोर भिंग घेऊन बसायचे, हे माझे काम होते. त्यामुळे लेख वाचून नुसती मान हलवणे जमले नाही.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. पृथ्वीवरच्या जमिनीचा साधारण निम्मा भाग या ना त्या प्रकारे चराऊ आहे. त्यातला बराचसा अशा पट्ट्यात येतो, जिथे वर्षाचा पाऊस हा बाष्पीभवनाच्या क्षमतेच्या ०.२ ते ०.५ पट इतकाच असतो. अर्धशुष्क म्हणतात तो हाच पट्टा. या वर्षाच्या निमित्ताने कुरणांवर पुष्कळ लिहिले जाईल आणि त्यातले निम्मे लेख झाडे लावण्यावर येऊन थांबतील अशी मला भीती आहे. म्हणून निदान एका प्रकारच्या मातीबद्दल आधीच सांगून ठेवते : उतारावरची दगडमिश्रित चिकणमाती.

आधी ही माती दिसते कशी ते पाहू. वरून पाहणाऱ्याला फक्त दगड दिसतात. मुठीएवढे, नारळाएवढे, मधूनच एखादा बसता येईल एवढा. त्यांच्यामध्ये गवताचे झुबके आणि झुबक्यांच्या मध्ये उघडी, कडक, भेगाळलेली माती. टिकाव मारला की ठिणगी उडते, टिकाव उसळतो आणि खणणारा माणूस तुमच्याकडे अशा नजरेने बघतो की दुसरीकडे तोंड करावेसे वाटते. पण वीतभर खाली गेले की चित्र पालटते. दगडांच्या मधली माती चिमटीत घेऊन ओली करा, मळा आणि अंगठ्याने तर्जनीवरून पुढे सारत जा. पाच सेंटीमीटरहून लांब पट्टी न तुटता निघते. म्हणजे ही अस्सल चिकणमाती. नुसता मुरूम नाही आणि रेताडही नाही.

आता भिंतीतून एक गोटा हलकेच उपसा. तो ज्या खळग्यात बसला होता, तो खळगा नीट पाहा. आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत असते. वरून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर बारीक चिकण खाली उतरली आणि दगडाच्या अंगाला, ढेकळांच्या कडांना थरावर थर बसत गेली, त्याची ही लकाकी. दगड आणि माती यांच्या फटीत गवताची मुळे चेपून अगदी चपटी झालेली असतात. वाट मिळेल तिथून ती दगडाला वळसा घालत खाली जातात. मग तोच गोटा उलटा करा. बऱ्याच उतारांवर त्याच्या तळाला पांढरे पापुद्रे सापडतील. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतात, कारण तो चुना आहे. दगडाच्या खालच्या बाजूला पाण्याचा पातळ थर लोंबून राहतो, पाणी सुकते आणि विरघळलेला चुना तिथेच मागे राहतो. हा पापुद्रा जाड व्हायला हजारो वर्षे लागतात. चकाकी ओल्या काळातली आणि तिच्यावर चढलेला चुना नंतरच्या कोरड्या काळातला, असा क्रम एकाच खड्ड्यात वाचायला मिळतो. ज्या मातीला आपण निरुपयोगी ठरवतो, ती घडायला लागलेला वेळ हा असा.

आता मुद्द्याचे. मातीचा नमुना प्रयोगशाळेत गेला की तो वाळवतात, कुटतात आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीखाली पडते ती ‘माती’. चाळणीवर उरते ते फेकून देतात. सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, चिकणमातीचे शेकडा प्रमाण असे अहवालातले सगळे आकडे चाळणीखालच्या मालाचे असतात. सपाटीवरच्या खोल काळ्या जमिनीत याने काही बिघडत नाही, कारण चाळणीवर उरतेच काय? पण उतारावरच्या या मातीत निम्मा ऐवज चाळणीवर राहतो आणि अहवालात त्याचा उल्लेखही नसतो. मग कोणीतरी तो कागद पुढे करून म्हणतो, ‘बघा, चिकण ५० टक्के आहे, पाणी भरपूर धरणार.’

साधा हिशेब करू. चिकणमाती झाडांना उपयोगी पडेल असे पाणी मीटरभर खोलीत सुमारे १५० मिलिमीटर धरते असे समजा. माती अर्धा मीटर खोल असेल तर ७५ मिलिमीटर. पण तिच्या आकारमानात निम्मे दगड असतील तर उरले ३७. कोरड्या हवेत, कडक उन्हात रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी उडायची तयारी असते. म्हणजे तुडुंब भरलेली माती आठवड्याभरात तळ गाठू शकते. चिकणमाती असूनही गवत इतक्या लवकर का पिवळे पडते, याचे कोडे इथेच सुटते.

इथे आणखी एक गफलत होते, तीही शिकल्यासवरल्या माणसांकडून. दगड वजनाने मोजायचे की आकारमानाने? वजनाने निम्मे दगड असलेली माती घ्या. दगडाची घनता घन सेंटीमीटरला २.६५ ग्रॅम आणि मधल्या मातीची १.३ ग्रॅम धरली तर आकारमानाने ते दगड जेमतेम ३३ टक्के भरतात. पाण्याचा हिशेब नेहमी आकारमानावर करायचा असतो, त्यामुळे एकाने ‘५० टक्के’ वजनाने लिहिले आणि दुसऱ्याने ते आकारमान समजून वापरले की पुढचे सगळे गणित बोंबलते. अमेरिकेच्या मृदा वर्गीकरणात आकारमानाने ३५ टक्के किंवा त्याहून जास्त दगडगोटे असलेल्या मातीचा वेगळा गटच केलेला आहे. अमुक मर्यादेनंतर ही माती वेगळी वागते, हे तिथे अधिकृतपणे मान्य आहे. आपल्याकडच्या चर्चेत मात्र ‘हलकी जमीन’ म्हटले की विषय संपतो. हलकी कसली? ती मोजलेलीच नसते.

खोलीचेही तेच. गिरमिटाने खोली बघायची पद्धत झटपट आहे, मान्य. पण या उतारांवर गिरमिट पहिल्याच मोठ्या गोट्यावर अडते आणि वहीत ‘खोली २० सेंमी, खाली खडक’ अशी नोंद होते. तो खडक नसतो, गोटा असतो. त्याच्या बाजूने पहार घातली तर आणखी दोन वीत माती निघते, कधी त्याहून जास्त. उताराच्या फुगीर खांद्यावर माती खरोखरच उथळ असते आणि पायथ्याशी ती साचून खोल होते. पण गिरमिटाच्या नोंदींवर काढलेल्या नकाशात सगळा उतार एकाच रंगाचा निघतो. खड्डा खणायला अर्धा दिवस लागतो हे खरे. त्याला पर्याय नाही.

आता वरचे दगड वेचण्याबद्दल. आपल्या लेखातल्या छायाचित्रात बांधाला लावलेले दगडांचे ढीग दिसतात आणि खाली ‘साफ केलेली जमीन’ असे लिहिले आहे. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. मातीवर मोकळा पडलेला दगड पावसाच्या थेंबाचा मार स्वतःच्या अंगावर घेतो. त्याच्या खालची माती भुसभुशीत राहते, त्याच्या कडेने पाणी आत शिरते आणि सावलीमुळे ओल टिकते. जमिनीच्या धुपीचे अंदाज बांधणाऱ्या सूत्रांत पृष्ठभागावरच्या दगडांना पालापाचोळ्यासारखे आच्छादन धरतात, ते उगीच नाही. हे दगड उचलले की उघड्या चिकणमातीवर थेंब आदळतात, बारीक कण उडून छिद्रांत बसतात, वर पातळ पण घट्ट पापुद्रा धरतो आणि पाणी आत जायचे सोडून उतरणीला लागते. एका ठिकाणी असा साफ केलेला उतार दोन पावसाळ्यांनंतर पाहिला. ओघळी इतक्या झाल्या होत्या की जनावरे आडवी जाईनात आणि नव्याने उघडे पडलेले दगड पुन्हा वर येऊन बसले होते. ते काम कोणी केले हे इथे लिहायची गरज नाही.

अर्थात दगड म्हणजे आपोआप चांगले, असेही नाही. दगड मोकळा पडला आहे की मातीत रुतला आहे, यावर सगळे ठरते. कडक पापुद्र्यात घट्ट बसलेला गोटा उलट पाणी जास्त वाहवतो, कारण त्याच्यावर पडलेले पाणी निसटते आणि आत जायला बाजूला फटही नसते. शेजारशेजारच्या दोन उतारांवर दगडांचे प्रमाण सारखे असून एकावर पाणी मुरते आणि दुसऱ्यावर वाहते, ते यामुळे. तेव्हा माळावर गेलात तर पायाने एखादा दगड ढकलून बघा. सहज घरंगळला तर ठीक. हललाच नाही आणि भोवतीची माती सिमेंटसारखी लागली, तर तिथे आधीच बरेच तुडवून झाले आहे असे समजा.

दगड पुन्हा वर आले म्हणाले, त्याचे कारण फक्त धूप नव्हे. या मातीतली चिकण बहुधा फुगणाऱ्या जातीची असते. तिच्या एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा मिळून पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. पाणी थरांच्या आत शिरले की ती फुगते, सुकली की आकसते आणि भेगा पडतात. भेगांत वरची बारीक माती पडते, पुन्हा ओल आली की खालून रेटा बसतो आणि गोटे हळूहळू वर ढकलले जातात. १८८१ साली डार्विनने गांडुळांवर लिहिताना दाखवले होते की गांडुळे खालची माती वर आणून टाकतात, त्यामुळे पृष्ठभागावरचे दगड कालांतराने गाडले जातात. ती इंग्लंडमधली ओलसर कुरणे होती. कोरड्या उतारावरच्या फुगणाऱ्या चिकणीत प्रवास उलट्या दिशेने चालतो. म्हणजे वेचणाऱ्याने आज वेचावेत आणि मातीने पुढच्या पिढीसाठी नवे पाठवावेत! मजुरीचे पैसे कोणाच्या खिशातून जातात हा प्रश्न लेखकाने विचारलेला दिसत नाही.

भेगांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण चराईचे सगळे वेळापत्रक त्यांच्यावर अवलंबून आहे. पहिला पाऊस भेगांतून धो-धो आत जातो. त्या वेळी ही माती किती पाणी पिते याचे नवल वाटते. मग भेगा मिटतात आणि मुरण्याचा वेग तासाला जेमतेम काही मिलिमीटरवर येतो. पुढची मोठी सर आली की उतारावरून पाणी सुटते. या मिटलेल्या, फुगलेल्या, मऊ अवस्थेत कळप वर नेला तर खुरांनी माती दाबली जाते, मोकळे दगड आत रुततात आणि सुकल्यावर ती दगडासकट फरशी होऊन बसते. मघाशी सांगितलेला मोकळ्या आणि रुतलेल्या दगडांमधला फरक बहुतेक वेळा इथेच घडतो. जुन्या मेंढपाळांना हे पक्के ठाऊक असते. मोठ्या पावसानंतर कळप उतारावरून हलवून मुरमाड, निचऱ्याच्या पट्ट्यावर ठेवायचा आणि पायाला चिखल चिकटायचा थांबला की परत आणायचा. त्यांच्यातल्या एकाने मला सांगितले होते, ‘बाई, तुम्ही खड्डा खणून बघता, आम्ही पायताण बघतो.’ मला आजही ती चाचणी आमच्या बऱ्याच उपकरणांपेक्षा उपयोगाची वाटते.

चराईबंदी, कुंपण, जनावरांची संख्या यांवर वाद घालणारे पुष्कळ आहेत. जनावरे किती, याइतकेच ती वर कधी जातात हेही महत्त्वाचे आहे, एवढेच या मातीबद्दल माझे म्हणणे आहे.

आणि झाडे. चिकणमातीच्या उतारावर यंत्राने खड्डा घेतला की त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. आत भुसभुशीत माती आणि खत भरले, रोप लावले, की झाली जमिनीत पुरलेली कुंडी. पावसाळ्यात तीत पाणी तुंबते आणि मुळे गुदमरतात. नंतर भोवतीची चिकण आकसते, भेग खड्ड्याच्या कडेनेच पडते आणि राहिलेली ओल तिथून उडते. रोप पहिल्या वर्षी तरारते, फोटो निघतो. तिसऱ्या वर्षी फोटो काढायला कोणी जात नाही. ओघळीच्या काठाला, पायथ्याच्या खोल मातीत, मोठ्या खडकांच्या फटीत झाडे स्वतःहून येतात. तिथे जरूर लावावीत. उताराच्या पोटावर मात्र गवत आणि खुरटी झुडपे हीच खरी हक्कदार.

गवताला ते का जमते? पुस्तकात शिकवतात की माती १५ बारपेक्षा (बार हे दाबाचे एकक) जास्त ताणाने पाणी धरू लागली की झाड कायमचे सुकते. ही मर्यादा रूढ झाली ती सूर्यफुलासारख्या रोपांवरच्या प्रयोगांतून. चिकणमातीत त्या मर्यादेलाही वजनाच्या वीसेक टक्के पाणी शिल्लक असते, फक्त ते घट्ट धरलेले असते. कोरड्या प्रदेशातली कितीतरी झुडपे आणि काही गवते त्याहून कितीतरी जास्त ताण देऊन त्यातला वाटा काढून घेतात. शिवाय दगडावर पडलेले पाणी शेजारच्या मातीत उतरते, म्हणजे थोड्याशा सरीतही तेवढ्या जागेला दुप्पट पाऊस मिळाल्यासारखे होते आणि ओल खोल जाते. झुबक्याच्या वरच्या अंगाला वाहून आलेला गाळ, बी आणि काडीकचरा अडतो. तिथली माती बोटाने उकरता येते. दोन झुबक्यांमधली उघडी जागा पाणी पुरवते आणि झुबका ते झेलतो. ती जागा ‘रिकामी’ म्हणून नांगरली की पुरवठाच तुटतो. झुबके उरले नाहीत तर मात्र तीच जागा ओघळीची सुरुवात ठरते, हेही सांगायला हवे.

शेवटचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो नवा आहे. कुरणांच्या मातीत कर्ब साठवून त्याची पत (कार्बन क्रेडिट) विकायच्या योजना आता सगळीकडे बोलल्या जातात. त्याचा हिशेब सहसा वरच्या ३० सेंटीमीटरचा असतो. समजा मधल्या मातीत कर्ब १ टक्का आहे आणि तिची घनता १.३ आहे. दगड विचारात घेतले नाहीत तर हेक्टरी ३९ टन कर्ब निघतो. आकारमानाने ४० टक्के दगड असतील तर खरा आकडा २३.४ टन. हेक्टरी पंधरा टनांहून अधिक कर्ब फक्त कागदावर! विकत घेणारा फसतो आणि उद्या तपासणी झाली की पशुपालक खोटा ठरतो, ज्याचा त्या चाळणीशी काडीचा संबंध नव्हता.

दगडांचे प्रमाण मोजायला काही मोठे यंत्र लागत नाही. ठरावीक आकारमानाची माती काढायला ठोकतात ती लोखंडी कडी या मातीत शिरत नाही, म्हणून आम्ही असे करत असू : एक छोटा खड्डा नीट खणायचा आणि त्यातून निघालेले सगळे, अगदी सगळे, एका ताडपत्रीवर ठेवायचे. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरायचे आणि किती लिटर लागले ते लिहायचे. हे खड्ड्याचे आकारमान. मग ताडपत्रीवरचा माल चाळून दगड वेगळे करायचे, त्यांना चिकटलेली माती धुवायची आणि ते काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडायचे. जेवढे पाणी सांडेल तेवढे दगडांचे आकारमान. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की प्रमाण हातात येते. दगड सच्छिद्र असतील तर ते आधी भिजवून घ्यावेत, नाहीतर बादलीतले पाणी पिऊन घेतात. खड्डा पुरेसा मोठा हवा; नारळाएवढे गोटे असतील आणि खड्डा तांब्याएवढा घेतला तर आकडा नशिबावर जाईल. उताराच्या खांद्यावर, पोटावर आणि पायथ्याशी असे वेगवेगळे खड्डे घ्यावेत.

आपल्या दैनिकातून यापुढे अशा जमिनींवर लेख येतील तेव्हा दगडांचे आकारमानाने शेकडा प्रमाण आणि खड्ड्यात मोजलेली खोली, एवढे दोन आकडे लेखकांकडून जरूर मागून घ्यावेत. माती तपासून घेणाऱ्या वाचकांनीही नमुना देताना चाळणीवर काय उरले ते अहवालात लिहून मागावे. सांगितले तर प्रयोगशाळा निदान वजन तरी देतात.

आपली,
एक निवृत्त मृद सर्वेक्षक